फारकतीनंतरचे तिसरे वर्ष : जुन्या छायाचित्रांचे काय करावे?

हिशेबनीस

माझ्या घटस्फोटाचा हुकूम सप्टेंबर २०२३ मध्ये झाला. तेव्हापासून जे सावरणे शक्य होते ते बरेचसे सावरले आहे. नोकरी टिकली, मुलगी नव्या शाळेत रमली, आणि प्रतापनगरातले घर सोडून मानेवाड्याला घेतलेल्या दोन खोल्यांना आता आम्ही दोघी न अडखळता ‘घर’ म्हणतो. त्यामुळे हे सांत्वनासाठी लिहीत नाही. एक प्रश्न मात्र सुटत नाही, आणि तो नात्यातल्या कोणाला विचारला की समोरचा माणूस चहा टाकायला उठतो.

मी एका खाजगी कंपनीत लेखापाल आहे. विम्याचे हप्ते, विजेची बिले, मुलीची फी हे सगळे मीच पाहत असे आणि गाडीचा फास्टॅगही माझ्याच मोबाइल क्रमांकाशी जोडलेला होता. डिसेंबर २०२१ मधल्या एका शनिवारी नवरा चंद्रपूरच्या साइटवर जातो असे सांगून पहाटे निघाला आणि साडेआठच्या सुमारास टोल कापल्याचा संदेश आला, तो जबलपूर रस्त्यावरच्या नाक्याचा. चंद्रपूर दक्षिणेला आणि जबलपूर उत्तरेला, हे नागपुरात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. मी पोळ्या लाटत होते. संदेश तीनदा वाचला आणि पहिला विचार असा आला की टोलवाल्यांच्या यंत्रात काहीतरी बिघाड झालेला दिसतो.

बिघाड यंत्रात नव्हता, नवऱ्याचे दुसऱ्या एका बाईशी संबंध होते, हे कळायला चार दिवस लागले. त्यानंतरचे दोन महिने मी जे केले ते आज कोणाला समजावून सांगताना मलाच अवघडल्यासारखे होते. मुलगी झोपली की जेवणाच्या टेबलावर बसून मी सहा वर्षांची बँकेची विवरणे, क्रेडिट कार्डाची बिले आणि त्याच्या दौऱ्यांच्या तारखा एकाखाली एक मांडत असे. कार्यालयात ज्याला आम्ही ताळमेळ म्हणतो तोच मी संसाराचा लावत होते. एका रकान्यात त्याने सांगितलेली गोष्ट, दुसऱ्यात खर्चाची नोंद, आणि दोन्ही जुळत नसतील तेथे पिवळा रंग. तो पिवळा रंग मागे मागे जात जून २०१८ पर्यंत पोहोचला.

त्यातली एक ओळ अशी. त्याचा जुना फोन टाळेबंदीच्या काळात मुलीला ऑनलाइन शाळेसाठी दिलेला होता आणि त्यात यूपीआयचे सगळे जुने व्यवहार शिल्लक होते. १० सप्टेंबर २०१८ रोजी तान्हा पोळा होता. मुलगी पाच वर्षांची होती, तिला नऊवारी नेसवून आणि लाकडी नंदीची दोरी हातात देऊन आम्ही गल्लीतल्या मिरवणुकीला नेले होते. त्या दिवशीचे एक छायाचित्र आमच्या बैठकीत अनेक वर्षे टांगलेले होते. त्यात तो मुलीशेजारी उकिडवा बसून नंदीची झूल नीट करतो आहे आणि हसतो आहे. माझ्या फोनमधल्या मूळ छायाचित्रावर वेळ आहे सायंकाळचे सहा बारा. सहा एकतीसला त्याच्या खात्यातून त्या बाईच्या खात्यात सात हजार रुपये गेले आहेत. मधली एकोणीस मिनिटे मला अजूनही ओलांडता आलेली नाहीत.

वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत दोन गोष्टी स्पष्ट केल्या. व्यभिचार आता गुन्हा राहिलेला नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी भारतीय दंड संहितेचे कलम ४९७ रद्द केले. (तसाही त्या कलमाखाली पत्नीला तक्रार करता येत नव्हती, तो अधिकार त्या दुसऱ्या स्त्रीच्या नवऱ्याचा असे, म्हणजे जुन्या कायद्याच्या लेखीही माझे काही बिघडलेले नव्हते.) घटस्फोटाचे कारण म्हणून मात्र तो हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम १३ मध्ये आजही आहे आणि १९७६ च्या दुरुस्तीपासून एक कृत्य सिद्ध झाले तरी पुरते, अडचण एवढीच की ते सिद्ध करण्यात वर्षे जातात. मुलीकडे पाहून मी कलम १३-ब चा, परस्पर संमतीचा मार्ग धरला. दीड वर्षाहून अधिक काळ आम्ही वेगळे राहत होतो, मुलीचा ताबा व खर्च ठरलेला होता, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाच्या आधारे पुढची सहा महिन्यांची प्रतीक्षाही माफ झाली.

हुकुमाची प्रमाणित प्रत मी न्यायालयाच्या जिन्यातच उभी राहून वाचली. उभय पक्षांत तीव्र मतभेद निर्माण झाल्याने त्यांना एकत्र राहणे शक्य नाही, असे त्यात लिहिले होते. मतभेद! आमचे मतभेद कूलर कोणत्या खिडकीला बसवायचा यावर होत. टोलचा संदेश, पिवळ्या रांगा, ते सात हजार रुपये, यांपैकी एकाही गोष्टीची नोंद त्या कागदावर नव्हती, आणि मी ज्या पेशात आहे तेथे ज्याची नोंद नाही ते घडलेलेच नसते.

आता प्रश्न. माझ्याकडे चौदा वर्षांच्या संसाराची काही हजार छायाचित्रे आहेत. जून २०१८ पर्यंतची खरी आणि त्यानंतरची खोटी, असे धरावे काय? तसे धरले तर मुलीचे पाचव्या वर्षानंतरचे सगळे बालपण खोट्याच्या बाजूला जाते. तसे धरले नाही तर त्या हसण्याला काय म्हणायचे? मुलगी आता वयात येते आहे आणि तान्ह्या पोळ्याचे ते छायाचित्र तिला पुन्हा भिंतीवर लावायचे आहे. ज्यांनी हे भोगले आहे त्यांनी आपल्या मागच्या वर्षांचे काय केले, ते कृपया सांगावे.

गोळाभात

हिशेबनीसताई, तुम्ही जो मार्ग सोडला तो मी धरला होता, म्हणून त्याच्या टोकाला काय असते ते सांगते.

माझा दावा २०११ मध्ये दाखल झाला आणि निकाल २०१७ मध्ये लागला. व्यभिचाराचा आरोप होता, त्यामुळे त्या स्त्रीलाही प्रतिवादी करावे लागले आणि पहिली दोन वर्षे तिच्यावर नोटीस बजावण्यातच गेली. फौजदारी खटल्याप्रमाणे निःसंशय पुरावा लागत नाही, शक्यतेचे पारडे कोणत्या बाजूला झुकते एवढे पाहतात, असे मला सांगण्यात आले होते आणि ते खरेही आहे. परंतु ते पारडे झुकवण्यासाठी दोन दिवस माझी उलटतपासणी झाली. आमच्या शयनगृहातले सगळे प्रश्न एका अनोळखी वकिलाने मला भर दुपारी विचारले आणि लघुलेखकाने ते टंकून घेतले. माझा मोठा मुलगा तेव्हा दहावीला होता.

निकालपत्र एकतीस पानांचे आहे. तुम्हाला हवे असलेले वाक्य त्यात तेविसाव्या पानावर आहे. ते मी घरी आल्यावर आईला मोठ्याने वाचून दाखवले. आईला ऐकू कमी येत असे, तिने विचारले, “मग पोटगी किती ठरली?”

ताई, ते वाक्य माझ्या अपेक्षेपेक्षा फार लहान निघाले. न्यायालयाने मान्य केले ते एका तारखेपुरते आणि एका लॉजच्या नोंदवहीपुरते. पुराव्याची गोष्ट तशीच असते. उरलेल्या सगळ्या वर्षांत काय खरे होते याबद्दल न्यायाधीशांनी एक अक्षर लिहिले नाही, कारण तो त्यांच्यापुढचा मुद्दाच नव्हता. म्हणजे सहा वर्षे लढून मला तुमच्या पिवळ्या रांगांपैकी एक रांग शिक्का मारून मिळाली. त्या प्रतीची मागणी आजवर एकदाच झाली, बँकेत माहेरचे नाव लावताना, आणि त्या कारकुनाने शेवटचे पान तेवढे पाहिले.

छायाचित्रे मी एका बॅगेत भरून अमरावतीला बहिणीकडे ठेवली होती. चार वर्षांनी परत आणली. मुलांनी आपली आपली निवडून घेतली. धाकट्याने जी घेतली त्यांतली बहुतेक मी फाडणार होते.

समजूतदार

टाळी एका हाताने वाजत नाही. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय मत देणे योग्य नव्हे. झाले गेले विसरून पुढे जावे, मुलीसमोर जुने उगाळू नये.

हिशेबनीस

आमच्या संसारात जे बिनसले होते त्यात माझा हात निश्चितच होता. मी चिडकी आहे, कामावरून आले की तासभर कोणाशी बोलत नाही, आणि सासूबाईंच्या आजारपणात मी जितके करायला हवे होते तितके केले नाही, हे सगळे मी समुपदेशकासमोर स्वतःहून मांडले होते. त्या टाळीतला माझा हात मी मोजून घेतलेला आहे. परंतु साडेतीन वर्षे रोज सकाळी डबा घेताना दारात उभे राहून खोटे बोलणे ही टाळी नव्हे, ते एका माणसाचे काम आहे आणि त्याला दुसरा हात लागत नाही. संसार मोडला याची जबाबदारी वाटून घ्यायला मी तयार आहे, फसवणुकीची नाही.

विसरण्याविषयी म्हणाल, तर मी न विसरता पुढे आलेली आहे. पहिल्या उन्हाळ्यात कूलरच्या ताट्या मी स्वतः बदलल्या आणि पंप दोनदा जाळला. तिसऱ्यांदा बरोबर बसवला, कारण आधीचे दोन कसे जळले ते लक्षात होते.

रविवारचा बाबा

ताई, माझ्याकडे बाजू उलटी आहे, पत्नीने फसवले. पुरुषाला हे सांगायला जागा नसते. आठ महिने मी मिहानमधल्या कार्यालयात ‘पत्नी माहेरी आहे’ असे सांगत राहिलो, कारण खरे सांगितल्यावर समोरचा आधी माझ्याकडे नीट निरखून पाहील आणि मग मनातल्या मनात कारण शोधेल, याची मला खात्री होती. ज्या दोघांना सांगितले त्यांनी तेच केले.

माझा समज असा होता की चूक तिची आहे, म्हणून मुलगा मला मिळेल. वकिलांनी तो पहिल्याच दिवशी मोडीत काढला. ताबा ठरवताना न्यायालय मुलाचे हित पाहते. जोडीदार म्हणून कोण कसे वागले याचा निकाल त्यावरून लागत नाही, आणि पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईकडेच राहते. मुलगा तीन वर्षांचा होता. तेव्हापासून मी रविवारचा बाबा आहे. उन्हाळ्यात महाराजबागेत जाववत नाही, म्हणून आम्ही सीताबर्डीहून मेट्रोने खापरीपर्यंत जातो आणि उतरून त्याच मार्गाने परत येतो. थंडगार डब्यात पाऊण-एक तास मिळतो आणि त्याला खिडकी मिळते.

तुमच्या प्रश्नाजवळची गोष्ट आता लिहितो, ती मी कोठेही लिहिलेली नाही. तिचे ते संबंध मुलाच्या जन्माआधीपासून होते असे नंतर उघड झाले. माझ्या भावाने आणि मामाने डीएनए चाचणीचा आग्रह धरला. विवाह टिकून असताना जन्मलेले मूल पतीचेच, असे कायदा जवळजवळ ठाम धरून चालतो, आणि व्यभिचार सिद्ध करण्यासाठी मुलाची अशी चाचणी सरसकट मागता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२३ मधल्या एका निकालात स्पष्ट केले आहे. पण मी थांबलो तो कायद्यामुळे नव्हे, कारण खाजगी प्रयोगशाळेत गुपचूप जाणे मला शक्य होते. एका रविवारी मी कापसाचे बोळे खिशात घेऊनही गेलो होतो. तो मेट्रोच्या खिडकीला नाक लावून बसला होता आणि काचेवर त्याच्या श्वासाचे वर्तुळ उमटत होते. मी ते बोळे खापरीच्या स्थानकावरच्या कचरापेटीत टाकले. तो ताळमेळ मी लावणार नाही आणि त्या रकान्यात काय निघाले असते याची मला आता उत्सुकताही नाही. ही शहाणपणाची गोष्ट आहे असे मी म्हणत नाही. भाऊ अजून मला मूर्ख समजतो.

एक व्यवहाराची सूचना. गृहकर्ज दोघांच्या नावे असेल तर घटस्फोटाच्या हुकुमाने बँक बांधली जात नाही. हप्ते अमुक एकाने भरावेत असे संमतीपत्रात लिहिले तरी बँक दुसऱ्याला मोकळे करत नाही तोवर दोघेही देणेकरी राहतात, आणि तिकडचा हप्ता थकला की इकडची पत खराब होते. मी हे भोगले आहे. घर एकाच्या नावे करायचे असेल तर पती-पत्नी असतानाच बक्षीसपत्र करावे. महाराष्ट्रात राहत्या घरासाठी त्या नात्यात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार लागेल तो वेगळा. हुकूम झाल्यावर ते नातेच उरत नाही. भविष्य निधीतले आणि विम्यातले नामनिर्देशनही आपोआप बदलत नाही, ते स्वतः जाऊन बदलावे लागते.

कालपासून

मी आजवर नुसतीच वाचत होते. मला परवा रात्री कळले. त्याला अजून माहीत नाही की मला कळले आहे. फोनमधून सगळे पुरावे काढून घ्यावेत का? की सरळ बॅग भरून माहेरी जावे? हात थरथरतात, कार्यालयात चुका होत आहेत.

गोळाभात

बाळ, आज रात्री काही ठरवू नकोस आणि कशावरही सही करू नकोस. रागाच्या भरात घरही सोडू नकोस, कारण कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्याने तुला त्या घरात राहण्याचा हक्क दिलेला आहे. मात्र त्याने हात उगारल्यास किंवा तशी भीती वाटल्यास हे सगळे बाजूला ठेवून आधी बाहेर पड. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

पुराव्याबद्दल सांगायचे तर तुझ्या स्वतःच्या आणि संयुक्त खात्यांची विवरणे, घराची कागदपत्रे, त्याच्या पगाराचा कागद यांच्या प्रती काढून बहिणीकडे ठेव. पोटगीचा प्रश्न आला तर दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे शपथपत्र द्यावे लागते आणि तेव्हा हेच कागद उपयोगी पडतात. नवरा-बायकोतले चोरून केलेले ध्वनिमुद्रणही वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून चालू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटले आहे. पण चालते म्हणून गोळा करत बसलीस तर ते तुलाच पुन्हा पुन्हा ऐकावे लागेल, हे लक्षात ठेव. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा; स्त्रीला तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

ओलावा

मी मानसोपचाराच्या क्षेत्रात काम करते. ‘कालपासून’ यांना आधी एक अप्रिय गोष्ट सांगते, कारण ती नातेवाईक सांगत नाहीत. स्वतःची तपासणी करून घ्यावी. शासकीय रुग्णालयांत, आपल्याकडे मेडिकलला आणि मेयोला, एचआयव्हीची तपासणी मोफत व गोपनीय होते. पहिली आता आणि दुसरी तीन महिन्यांनी करावी. इतर लैंगिक संसर्गांविषयी स्त्रीरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारावे. लाज वाटण्याचे कारण तुमच्याकडे नाही. झोप उडाली असेल आणि जगू नये असे विचार येत असतील तर १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येते.

हिशेबनीसताई, रात्र रात्र जागून तारखा जुळवणे हे वेड नव्हे. असा धक्का बसलेली बहुतेक माणसे ते करतात. कोणी फोन पुन्हा पुन्हा तपासतो, कोणी जुने संवाद घोळवतो. धक्का दुहेरी असतो. माणूस जातो, आणि ‘मला कळते’ हा स्वतःवरचा भरवसाही त्याच्याबरोबर जातो, म्हणून मन मागे जाऊन शोधत राहते की आपल्याला कोठे कळायला हवे होते. ते शोधणे काही काळ उपयोगी पडते आणि नंतर पडत नाही. ती सीमा बाहेरच्या माणसाला दाखवता येत नाही.

एका गोष्टीवर मात्र मी हरकत घेईन. ते हसू खरे की खोटे, असा प्रश्न तुम्ही विचारता तेव्हा एका माणसात दोन गोष्टी एका वेळी नांदू शकत नाहीत असे तुम्ही गृहीत धरता. माझ्या खुर्चीसमोर फसवणारेही येऊन बसतात. त्यांच्यातले अनेक जण मुलांवर मनापासून प्रेम करतात आणि त्याच संध्याकाळी खोटे बोलतात. त्यामुळे त्यांचा दोष कमी होत नाही. माझ्या मते तो वाढतोच, कारण आपण काय पणाला लावतो आहोत हे त्यांना माहीत असते.

महालचे काकाजी

मी न्यायालयात लेखनिक होतो, निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. या विषयात तरुण मंडळींनी बोलावे हे बरे, पण ‘कागदावर नोंद नाही’ हे वाक्य वाचून राहवले नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न १९६४ मध्ये झाले. मेहुण्यांनी तीन वर्षांत परगावी दुसरे बिऱ्हाड थाटले. एक पत्नी हयात असताना दुसरे लग्न केल्यास ते रद्दबातल आणि वर शिक्षा, असा कायदा १९५५ मध्येच झालेला होता. परंतु आमच्या घरातून कोणी तक्रार केली नाही, की घटस्फोटही मागितला नाही. ती महालातल्या आमच्या वाड्यात परत आली आणि २०१४ मध्ये जाईपर्यंत तेथेच राहिली. कुंकू लावत असे. शेजारी तिला ‘टाकलेली’ म्हणत, समोर नव्हे. रेशनकार्डापासून मतदारयादीपर्यंत सर्वत्र तिच्या नावापुढे त्या गृहस्थाचे नाव होते. तिच्याकडे कोणता म्हणजे कोणताच कागद नव्हता.

घटस्फोट हे परक्यांकडून आलेले खूळ आहे असे मानणाऱ्यांनी ‘काडीमोड’ हा शब्द आपल्या भाषेत कसा आला याचा विचार करावा. अनेक जातींत गवताची काडी मोडून फारकत होई आणि पुढे पाटही, म्हणजे दुसरे लग्नही, लागे. ती सोय नव्हती ती आमच्यासारख्या स्वतःला वरचे म्हणवणाऱ्यांत. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्येच आला. नागपूर तेव्हा मध्य प्रांतात होते, आणि १९५५ चा कायदा झाला तेव्हाही आपण मध्य प्रदेशाची राजधानीच होतो. बाबासाहेबांनी ज्या हिंदू कोड बिलापायी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्याचाच हा एक तुकडा. कायदा आमच्या दारापर्यंत आला होता, आम्ही कडी काढली नाही. त्यात मीही होतो. मी न्यायालयात नोकरीला असताना घरी ही स्थिती होती, हे लिहायला आजही हात अडखळतो.

मुली, तुझ्या कागदावर ‘मतभेद’ हा शब्द आहे आणि तो अपुरा आहे, हे मान्य. पण माझ्या बहिणीला तोच अपुरा शब्द शिक्क्यानिशी मिळाला असता, तर तिने पन्नास वर्षे हळदीकुंकवाला जायचे की नाही याचा घोळ घातला नसता. तिच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून लग्नाचे छायाचित्र चिकटवलेले होते. ते तिने कधी काढले नाही आणि कधी कोणाला दाखवलेही नाही. तिच्यापाठी ते काढताना फाटले.

हिशेबनीस

सर्वांचे प्रतिसाद मी दोनदा वाचले आणि मग आठवडाभर काही लिहिले नाही.

गोळाभातताई, तेविसाव्या पानाची गोष्ट वाचून मला एकटीलाच हसू आले आणि मग बराच वेळ काही सुचले नाही. मी हुकूम झाल्यापासून ज्या वाक्याची हळहळ करत होते ते मिळाले असते तरी एका तारखेपुरते मिळाले असते, हे मला खरोखर कधी सुचले नव्हते. काकाजी, आपण लिहिलेत ते लिहायला सोपे नव्हते. मी हुकुमाची प्रत पुन्हा काढून पाहिली. शब्द तोच आहे, पण आता मी त्याच्या खालची ओळ वाचली, ज्यात विवाह विसर्जित झाला असे म्हटले आहे. रविवारचे बाबा, तुमच्या भावाला जे वाटायचे ते वाटो.

ओलावाताई, आपली हरकत मला पटली आहे आणि आवडलेली नाही. ते हसू खरे होते असे मानणे मला खोटे मानण्यापेक्षा जड जाते. खोटे म्हटले की एक पूर्ण रकाना खोडून टाकता येतो.

मुलीशी मी रविवारी बोलले. ‘बाबांचे दुसऱ्या कोणाशी संबंध होते आणि ते त्यांनी आपल्याला सांगितले नाही, त्यामुळे मी वेगळी झाले’ एवढे तिला मागच्या वर्षीच सांगितलेले आहे; सात हजार रुपयांची गोष्ट सांगितलेली नाही आणि सांगणारही नाही. ते छायाचित्र तुला का हवे आहे, असे मी विचारले. तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिले आणि म्हणाली, “त्यात मी आहे ना, आई.” इतकी वर्षे मी त्या चौकटीत एकाच माणसाचा चेहरा तपासत होते.

चौकट उघडून आम्ही छायाचित्र बाहेर काढले आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मी मला खात्रीने ठाऊक असलेल्या गोष्टी लिहिल्या : १० सप्टेंबर २०१८, सोमवार, तान्हा पोळा. नंदी इतवारीतून घेतला, ४५० रुपये. झूल आईने शिवली. छायाचित्र आईने काढले. पुढे त्याचे नाव लिहावे की नाही, या विचारात मी थांबले, तेव्हा मुलीने माझ्या हातातून पेन घेतले आणि खाली ‘नंदीजवळ बाबा’ असे लिहिले.

आता ते तिच्या अभ्यासाच्या टेबलामागे लावले आहे. बैठकीतून दिसत नाही, आणि तूर्त मला तेवढे पुरे आहे. पिवळ्या रांगांची फाइल अद्याप पुसलेली नाही.

‘कालपासून’, तुम्ही तपासणी करून आलात का, ते कळवा.